माळ्यावरची पिशवी

प्रमिलाबाई गुप्ते गेल्याची बातमी संगीता मोरे घेऊन आली. सकाळची वेळ होती. तिने चपला उंबऱ्याबाहेर एका कडेला काढल्या, मी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारली आणि खाली सतरंजीवर बसली. पाणी प्यायली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. माझ्यासमोर परातीत मोड आलेले वाल होते. बिरड्यासाठी ते सोलण्याचे काम पत्नीच्या पश्चात मीच करतो. संगीताने परात थोडी आपल्याकडे ओढली आणि न विचारता सोलू लागली. थोडा वेळ आम्ही वालांविषयीच बोललो. मग मान वर न करता ती म्हणाली, ‘‘साहेब, बाई गेल्या. पहाटे... झोपेतच.’’ तिचे हात थांबले नाहीत, म्हणून माझेही थांबले नाहीत. परात संपल्यावर आम्ही उठलो आणि बाईंच्या घरी गेलो. वाटेत माझ्या ध्यानात आले, की कोणाच्या घरात कसे शिरावे, कुठे बसावे, हात कशात गुंतवावेत आणि जड शब्द केव्हा उच्चारावा हे ज्यांनी या मुलीला शिकवले, त्यांच्याच मृत्यूची वार्ता तिने मला त्याच रीतीने दिली होती. परीक्षक म्हणून मी पूर्वी तिच्या कामाला गुण दिलेले आहेत. त्या सकाळी द्यायचे असते तर पैकीच्या पैकी दिले असते.

या गोष्टीस आता काही आठवडे झाले. बाईंची ओळख महाडबाहेर फारशी कोणाला नाही, म्हणून ती आधी करून देणे योग्य. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांमध्ये नव्वदच्या दशकात गृहभेटींचा एक प्रकल्प चालत असे. मुंबईच्या एका न्यासाचा त्याला आधार होता. कल्पना साधी होती. ज्या घरात तीन वर्षांखालचे मूल आहे तिथे जवळपासचीच, थोडीफार शिकलेली एक बाई ठरलेल्या वारी जाईल. आईशी, आजीशी, मुलाशी बोलेल, खेळेल. आणि मुलाशी बोलत राहावे, त्याला वस्तू हाताळू द्याव्यात, हे हळूहळू घराच्या अंगवळणी पडेल. वाड्यांतले बहुतेक पुरुष मुंबईला कामाला. घरात सासू, सून आणि मूल, आणि दिवसभराचे शेत, लाकूडफाटा, पाणी. मुलाला जेवू घालणे, निजवणे, एवढे होई. त्याच्याशी बोलण्याची सवड कोणाला नव्हती आणि बोलायचे असते ही कल्पनाही नव्हती. भेटी देणाऱ्या या बायकांना वाड्यांवर ‘भेटवाल्या’ म्हणत. त्यांना घडवण्याचे काम प्रमिलाबाईंचे, आणि त्या कामाने मुलांत खरोखर काही फरक पडतो की नाही हे तपासण्याचे काम माझे.

बाई मूळच्या महाडच्याच. बालशिक्षणाचा अभ्यास त्यांनी पुण्यात केला, तिथेच काही वर्षे शिकवले, आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर परत आल्या त्या कायमच्या. लग्न केले नाही. धाकटी बहीण सुधा बँकेत नोकरीला. दोघी एकत्र राहत. बाई उंच, आवाज घोगरा, कान थोडे जड. ऐकू कमी येण्याचा उपयोग त्या मोठ्या सोयीने करीत. नको असलेला प्रश्न त्यांच्या कानापर्यंत कधी पोहोचत नसे. मी सरकारी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेलो. न्यासाने माझे नाव सुचवले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, ‘‘वैद्यसाहेब, तुम्ही आमचं काम बघायला आला आहात की आमच्या चुका?’’ मी म्हणालो, ‘‘जे सापडेल ते.’’ त्या हसल्या, आणि मला पाचाडच्या शिबिराला बोलावून गेल्या.

पाचाडला सुट्टीत शाळेची खोली मिळत असे. समोर एक खानावळ होती आणि तिच्या मालकीणबाईंशी बाईंनी करार केलेला होता: शिबिराच्या बायकांनी खानावळीचे तांदूळ निवडून द्यायचे. मी गेलो तेव्हा फळा कोरा होता आणि भावी भेटवाल्या सुपे घेऊन गोल बसल्या होत्या. बाईंचे म्हणणे असे, की डोंगरातल्या घरात कोणी हातातले काम टाकून तुमच्याशी बोलणार नाही. तेव्हा जिला हात चालवत बोलता येत नाही, तिने भेटीला जाऊ नये. खानावळीच्या मालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘बाई, तुमचं शिबिर बारमाई ठेवा. माझं तांदूळ कदी येवढं साफ नव्हतं. गिऱ्हाईक इचारतंय, खडे कुठं गेलं?’’

मग बाईंनी पदर डोक्यावरून घेतला, भिंतीला पाठ लावली, पाय पसरले आणि त्या सासू झाल्या. संगीता तेव्हा विशीतली, पोलादपूरची, बारावी झालेली. तिने या सासूच्या घरी भेटीला यायचे होते.

‘‘कोन गो तू? कोनाची?’’

‘‘मोऱ्यांची. भेटीला आलेय, आजी.’’

‘‘कसली भेट? लगीन झालंय तुजं?’’

‘‘नाय.’’

‘‘आनि पोरं किती?’’

सगळ्या हसल्या. संगीताचे कान लाल झाले. ‘‘लगीनच नाय, तर पोरं कुठली, आजी?’’

‘‘मंग मला काय शिकवतंस? मी सा पोरं वाडवली. जा, आदी लगीन कर, मंग ये.’’

संगीताने पाठ केलेले वाक्य बाहेर काढले, की पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. बाईंनी सूप तिच्या पुढ्यात लोटले. ‘‘मेंदूचं ऱ्हाऊंदे. तांदूळ निवड.’’ ही सासू काही केल्या कोणाला घरात घेईना. एकेक जण उठून गेली आणि हसे होऊन परत आली. दुपारी पुन्हा संगीताची पाळी आली तेव्हा ती काहीच न बोलता बसली, सूप ओढले, थोडे तांदूळ निवडले आणि सहज म्हणाली, ‘‘आजी, सा पोरांत बोलाया आदी कोन लागलं?’’ सासूने पसरलेले पाय आखडून घेतले, पदर खाली घेतला आणि बाई आपल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘आता तू घरात आलीस.’’ नोकरीत मी अनेक प्रशिक्षणवर्ग पाहिले होते. त्यांतले एकही व्याख्यान मला आज आठवत नाही. ते सूप आठवते.

माझे काम कोरडे होते. भेटी होतात त्या वाड्या आणि होत नाहीत अशा तशाच इतर वाड्या, यांतल्या मुलांची तुलना करायची. मूल किती शब्द बोलते, बोट दाखवून काही मागते का, आई काम करताना त्याच्याशी बोलते का, त्याचे वजन किती, घरात खेळण्याच्या वस्तू कोणत्या व त्यांची स्थिती कशी, अशी प्रश्नावली आम्ही दोघांनी मिळून बांधली. एकेका कलमावर वाद झाले. निम्मे त्या जिंकल्या, निम्मे मी. खेळण्याच्या वस्तू प्रकल्पानेच दिलेल्या होत्या. प्रत्येक घरी मांजरपाटाची एक पिशवी, तिच्यात महाडच्या सुताराने केलेली लाकडी गाडी, ठोकळे, खुळखुळा, कापडी चेंडू आणि चित्रांचे एक पुस्तक. मोडल्यास दुसरे देण्याची ऐपत प्रकल्पाला नव्हती. म्हणून बाईंनी भेटवाल्यांना शिकवले होते, की पिशवी हाती देताना सांगायचे, ‘‘जपून ठेवा.’’

पहिल्या पाहणीत आकडे चांगले आले. खेळण्यांच्या कलमाला तर भेटीच्या घरांत जवळजवळ सर्वत्र पूर्ण गुण: वस्तू घरात आहेत, स्वच्छ आहेत, अभंग आहेत. पाहणी भेटीच्या वारीच करावी लागे, कारण एरवी घरी कोणी सापडत नसे. मी सारे दोनदा तपासले. बेरजा बरोबर होत्या. अंतिम अहवाल जाण्याआधीच न्यासाचे एक अधिकारी महाडला येऊन गेले आणि सांगून गेले, की एवढे नीटनेटके काम त्यांनी दुसरीकडे पाहिले नाही. प्रकल्प साऱ्या महाड तालुक्यात वाढवू आणि महाडला कायमचे प्रशिक्षण केंद्र उभारू. हे केंद्र म्हणजे बाईंच्या आयुष्याची एकमेव हाव होती. उसन्या शाळा आणि सुट्ट्यांच्या मेहेरबानीवर त्यांनी वर्षानुवर्षे काढली होती. त्या दिवशी त्या घरी चालत गेल्या नाहीत, रिक्षाने गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजारपेठेमागच्या एका मोकळ्या जागेत भर उन्हात उभे केले आणि दाखवले: इथे खिडकी, खिडकीच्या शेजारी खुंट्या, खुंट्यांवर सुपे. मी म्हणालो, ‘‘आधी अहवाल जाऊ द्या.’’ त्यांना ऐकू आले नाही.

पावसाळा अर्ध्यावर आला असताना आम्ही दोघे खेडला एका सभेसाठी निघालो. कशेडीत दरड आली होती. पोलादपूरच्या पुढे ट्रकांची रांग लागलेली. एसटी आम्हाला घेऊन उलटी फिरली आणि पोलादपूरच्या स्टँडवर सोडून मोकळी झाली. मी बाकावर वर्तमानपत्र उघडले. बाई म्हणाल्या, ‘‘बसून काय करायचं? ती बघा उमरठची गाडी लागली आहे. वरच्या वाडीत पार्वतीआजींच्या घरी जाऊन येऊ.’’ पार्वतीआजी, त्यांची सून सुरेखा आणि सुरेखाची दीड वर्षाची पिंकी. हे घर संगीताच्या भेटींतले, आणि आमच्या पाहणीत सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या घरांपैकी एक.

आम्ही चढून गेलो तेव्हा पिंकी पडवीत बसून पळीने एका झाकणावर ठोकत होती आणि प्रत्येक ठोक्यासरशी काहीतरी ओरडत होती. पाय दुखावल्यामुळे आजी भाताच्या लावणीला गेल्या नव्हत्या. आम्हाला पाहताच त्यांनी आत हाक दिली, ‘‘अगो सुरेखा! बाई आल्यात गो! पिशवी काढ, पिशवी!’’ सून धावत आली. ‘‘आज कशा काय आलाव? आज वार नाय ना तुमचा?’’ असे म्हणत तिने पिंकीच्या हातातली पळी काढून घेतली, शिडी लावली आणि माळ्यावर चढली. खाली आली ती मांजरपाटाची पिशवी घेऊन. पिशवी धुतलेली, तोंड सुतळीने आवळलेले. तिने गाठ सोडली आणि गाडी, ठोकळे, चेंडू, खुळखुळा, पुस्तक असे सगळे पडवीत ओळीने मांडले. रंगावर ओरखडा नव्हता. पिंकी पळीसाठी रडत होती. गाडी तिच्यापुढे केली तशी ती आजीच्या पाठीमागे जाऊन दडली.

बाईंनी विचारले, ‘‘वर कशाला ठेवतेस गो?’’

‘‘मंग? पोर मोडंल ना!’’ सुरेखा म्हणाली. ‘‘जपून ठेवा म्हनून तुमचीच मानसं सांगून गेली. तुमचा वार आला की काडतो, मंग परत ठेवतो. एक पन मोडलेलं नाय, बगा.’’

आजींना हे कौतुक अपुरे वाटले असावे. ‘‘माज्या मुलानं ममईहून घड्याळ आनलान, तेपन वरच हाय, खोक्यात. कुनी दिलेल्या वस्तूची अब्रू राखाया नको? आनि त्या शेजारनीचा चेंडू पोरानं फाडला, तर तिनं रातोरात तसाच दुसरा शिवून ठेवलान. तुमाला कळला पन नाय!’’ असे म्हणून त्या खदखदून हसल्या.

बाईही हसल्या. त्यांनी सुरेखाने बाजूला ठेवलेली पळी उचलली, पिंकीला परत दिली, कोरा चहा घेतला, आजींच्या पायाला काय लावले ते विचारले आणि उठल्या. पिशवीचा विषय त्यांनी तिथे पुन्हा काढला नाही. पोलादपूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहवाल गेला का हो?’’

‘‘टंकलिखित झाला आहे. सोमवारी जाईल.’’

‘‘थांबवा.’’

मी म्हणालो, एका घरावरून अनुमान काढता येत नाही.

‘‘काढू नका. आणखी घरं बघून या. आडवारी जा, न सांगता.’’

‘‘बाई, आकडे चुकलेले नाहीत.’’

‘‘नसतील. पण साहेब, मूल खेळलं की वस्तू मोडते. इतक्या घरांत एक गाडी मोडलेली नाही, आणि त्याचे आपण पूर्ण गुण दिले.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘जपून ठेवा, हे शब्द माझे. पाचाडला एकेकीकडून घोकून घेतलेत मी.’’

‘‘आणि केंद्र?’’ मी विचारले.

बाईंनी कानामागे हात नेला. ‘‘ऐकू आलं नाही,’’ म्हणाल्या, आणि चहाचे पैसे द्यायला उठल्या.

आडवारी जाऊन पाहिले. बहुतेक घरांत तेच. पिशवी माळ्यावर, पेटीत किंवा देवाच्या फळीशेजारी. यात लबाडी कोणाचीच नव्हती. आपल्याकडे पाहुण्याने दिलेली वस्तू पाहुणा पुन्हा येईल तेव्हा त्याच्या दृष्टीस पडावी, तीही आहे तशी, ही रीत आहे. वाड्यांनी ती पाळली, भेटवाल्यांनी शिकवले तसे सांगितले, आणि प्रश्नावलीने विचारले तेवढे मोजले. मधल्या मध्ये खेळणे तेवढे राहून गेले.

हे भेटवाल्यांना सांगायचे काम बाईंनी दुसऱ्या कोणावर टाकले नाही. महाडला बैठक झाली, मी हजर होतो. बाई बोलायच्या थांबल्या तशी संगीता उभी राहिली. रागाने तिची भाषा गावची झाली. ‘‘आमी पाऊस बगितला नाय, चिखल बगितला नाय. आमच्या भेटी खोट्या हायत काय?’’

‘‘नाहीत.’’

‘‘मग आमाला नापास कराया साहेबांना घेऊन आडवारी कशाला गेलाव? आनि आता ममईला कळवनार. तालुका गेला, केंद्र गेलं, आमचं कामपन जाईल. तुमची बहीण बँकेत हाय, बाई. आमी कुठं जायचं?’’

बाई म्हणाल्या, ‘‘नापास मी झालेय, संगीता. तुम्ही मी सांगितलं ते चोख केलंत.’’

‘‘आनि ते कागदावर कोन लिवनार?’’

बाईंनी माझ्याकडे पाहिले. ‘‘साहेब लिहितील.’’

मी लिहिले. भेटी नियमित आणि प्रामाणिकपणे झाल्या आहेत, उणीव प्रशिक्षणातली आहे, हे वाक्य नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर घातले. बाईंनी ते वाचून त्यात ‘प्रशिक्षणातली’च्या जागी ‘मुख्य प्रशिक्षिकेची’ असा बदल मागितला आणि मी तो केला. संगीता मात्र त्या बैठकीतून उठून गेली ती बरेच दिवस फिरकली नाही.

न्यासाचे अधिकारी सज्जन होते, हे सांगितले पाहिजे. त्यांनी बाईंना वाट काढून दिली होती. ते म्हणाले, ‘‘सुरुवातीला असं होतंच. पहिला अहवाल तसाच राहू द्या, पद्धत बदला, पुढच्या वर्षी सुधारणा दाखवा. केंद्राची मंजुरी का अडवून धरायची?’’ केंद्र त्या क्षणी टेबलावर होते. बाईंनी नुसते गप्प राहायचे होते, आणि गप्प राहण्याला त्यांच्याकडे बहिरेपणाचे निमित्तही होते. त्या म्हणाल्या, ‘‘आज सगळं उत्तम आहे असं लिहिलं, तर पुढच्या वर्षी पोर खरंच खेळायला लागेल तेव्हा फरक कुठून दाखवू?’’ मूल्यमापन कशासाठी करायचे याचे याहून नेमके उत्तर मी ऐकलेले नाही. माझ्या नोकरीत आकडे चढवून द्या असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. चढलेला आकडा उतरवायला सांगणारे माणूस हे एकच.

न्यासाने विस्तार रद्द केला, केंद्र रद्द केले, आणि चालू प्रकल्पाला नव्या पाहणीपर्यंत मुदत दिली. बाई पुन्हा पाचाडला गेल्या. आता शिबिरात पिशवीला मज्जाव होता. भेटवालीने रिकाम्या हाताने जायचे आणि घरात जे असेल त्यानेच खेळायचे: पळी, झाकण, करवंटी, नाचणीचे कणीस. आईला कामातून उठवायचे नाही. काम चालू असतानाच ती मुलाशी कशी बोलेल ते पाहायचे. पण माळ्यावर गेलेल्या पिशव्या खाली कशा आणायच्या? सांगून त्या उतरेनात. ‘‘होय बाई, काडतो,’’ म्हणत आणि पाठ फिरली की पुन्हा वर.

मग बाई स्वतः वाड्यांवर जाऊ लागल्या. उमरठच्या त्या घरी मी बरोबर होतो, आणि कोणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, संगीताही आली होती. बाईंशी बोलत नव्हती, पण आली होती. बाईंनी पिशवी उतरवायला लावली, गाडी पिंकीच्या हाती दिली आणि पळीशी ती करायची तेच करू दिले. पिंकीने गाडी दगडावर आपटली. आजी ‘‘आगो, आगो’’ म्हणत पुढे सरसावल्या. बाईंनी त्यांचा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने एक चाक निखळून पडवीतून अंगणात घरंगळत गेले. सुरेखाने तोंडावर पदर धरला.

‘‘मोडली?’’ बाई म्हणाल्या. ‘‘बरं झालं. एकाची दोन खेळणी झाली.’’

पिंकी चाकाच्या मागे धावली होती. आजी म्हणाल्या, ‘‘बाई, याड लागलंय तुमाला. दिलीपन तुमीच, मोडलीपन तुमीच.’’ हसण्याचा पहिला आवाज मात्र संगीताचा आला. उतरताना तिने बाईंच्या हातातली छत्री घेतली. दोघींमधल्या त्या प्रकरणाविषयी पुन्हा शब्द निघाल्याचे मला माहीत नाही.

वर्षभराने दुसरी पाहणी झाली. या वेळी महाडच्या महाविद्यालयातले विद्यार्थी गेले, कोणत्याही वारी, न कळवता. एकाने मला विचारले, ‘‘सर, मोडलेल्या खेळण्याला खरंच गुण द्यायचे?’’ मी म्हणालो, ‘‘द्यायचे. आणि फाटून पुन्हा शिवलेल्या चेंडूला जास्त द्यायचे.’’ भेटी होत असलेल्या वाड्यांतली मुले अधिक बोलत होती, बोट दाखवून अधिक मागत होती. आया काम करताना त्यांच्याशी बोलत होत्या. वजनात काही फरक नव्हता. पावसाळ्यात ज्या वाड्या तुटतात तिथे तर कशातच फरक नव्हता. मी अहवालाचा मसुदा बाईंना दाखवला. त्यांनी एवढेच सांगितले, ‘‘जे झालं नाही ते आधी लिहा. झालेलं लोक शोधून वाचतात.’’ तसे लिहिले. न्यासाने तो वाचून प्रकल्प आहे त्या वाड्यांत आणखी काही वर्षे चालवला. पुढे त्याचे लक्ष दुसऱ्या कामांकडे वळले आणि भेटी थांबल्या. काही भेटवाल्या अंगणवाडीत लागल्या. संगीता आज एका संस्थेत स्वतः प्रशिक्षण देते. केंद्राचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. बाईंनी तर नाहीच.

परवा सुधाताईंना भेटायला गेलो. बाईंच्या खोलीत मी यापूर्वी कधी गेलो नव्हतो; आमच्या भेटी ओटीवरच होत. खिडकी होती. खिडकीच्या शेजारी ओळीने खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर सुपे टांगलेली होती. बाजारपेठेमागच्या जागेत उन्हात उभे राहून त्यांनी मला दाखवले होते, तशी. सुधाताई म्हणाल्या, की शेवटच्या वर्षांत संगीता नव्या मुलींना घेऊन इथेच येई. ‘‘तांदूळ मात्र आता आमचेच निवडतात, आणि आम्ही दोघी किती खाणार!’’ मग त्या ‘दोघी’ या शब्दापाशी थांबल्या.

शेवटच्या खुंटीवर मांजरपाटाची एक पिशवी होती. तिच्यात निखळलेली चाके, अर्धा खुळखुळा, टवके उडालेले ठोकळे, पुन्हा पुन्हा शिवलेला एक चेंडू आणि तीन चाकांची एक गाडी होती. वाड्यांवरच्या मुलांनी टाकून दिलेले बाई उचलून आणीत असत. सुधाताईंनी विचारले, ‘‘ही मोडतोड कोणाला देऊ? तुम्हाला काही हवं असेल तर न्या.’’ मी गाडी घेतली. ती कोणत्या घरची हे सांगता येणार नाही. उमरठच्या गाडीचेही एकच चाक निघाले होते. दारापर्यंत पोहोचवायला आल्यावर सुधाताई म्हणाल्या, ‘‘ताईची आठवण आहे. जपून ठेवा हं.’’ मी मान डोलावली.

घरी येऊन पुस्तकांच्या कपाटात काचेमागे तिच्यासाठी जागा केली. गाडी हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. मग कपाट लावले आणि ती ओटीवर जमिनीवर ठेवली. शेजारच्यांची नात नुकतीच चालू लागली आहे. दुपारी मी परात घेऊन बसलो की ती उंबरा ओलांडून येते. ती ठोकत असते, मी वाल सोलत असतो, आणि काय सोलतो आहे ते तिला सांगत असतो. काल गाडीचे आणखी एक चाक निघाले. ते कुठे गेले, मी शोधलेले नाही.